पदार्थाच्या शिवेवरचा किरण

दसऱ्याच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून जी कुटुंबे ऊसतोडीसाठी मुलूख सोडून निघतात, त्यांच्या कोयत्याच्या पात्यावर पावसाळाभर पडून राहिल्यामुळे जो तांबूस गंज चढलेला असतो, तो पोलादाच्या अंतरंगात जन्मलेला नसतो. पोलाद आणि दमट हवा यांची जेथे गाठ पडते, त्या काही अणूंच्या जाडीच्या शिवेवर तो प्रथम प्रकटतो. बॅटरीतील विद्युद्भाराची देवघेव काय किंवा उत्प्रेरकाचे कार्य काय, पदार्थसृष्टीतील बहुतेक महत्त्वाचे व्यवहार असे सीमेवरच चालतात. तरीही संशोधकाला हाच प्रदेश दुर्गम, कारण वरच्या एका स्तराखाली असंख्य स्तर असतात, आणि त्यांच्या कोलाहलात त्या एकट्याची साक्ष ऐकू येत नाही.

ही साक्ष वेगळी काढण्याची युक्ती निसर्गानेच सममितीच्या नियमात करून ठेवली आहे. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर-किरण क्वार्ट्‌झमधून सोडला, तेव्हा त्यातून बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा, अतिनील किरण उमटला. छायाचित्रातील त्याचा ठिपका इतका फिका होता की, तो डाग समजून छपाईच्या वेळी पुसला गेला, असे त्या विषयाच्या इतिहासात नमूद आहे. अशी दुप्पट वारंवारता ज्या स्फटिकाच्या रचनेला सममितीकेंद्र आहे त्याच्या पोटात जवळजवळ उमटत नाही. प्रत्येक अणूच्या समोर त्याचा जोडीदार उभा असल्याने, तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखे वजन पडावे तसे त्यांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात. पृष्ठभागावरच्या अणूला मात्र एका बाजूस जोडीदारच नसतो, म्हणून त्याचा किरण शिल्लक राहतो.

दृश्य प्रकाशाने ही विद्या पुष्कळ वर्षे साधली. परंतु शिवेवर कोणते मूलद्रव्य बोलते आहे, हे तो प्रकाश सांगू शकत नाही. ते सामर्थ्य क्ष-किरणांचे. कार्बनची स्वतःची शोषण-सीमा, म्हणजे जेथे त्याचे क्ष-किरण-शोषण एकाएकी वाढते ती ऊर्जा, सुमारे २८४ इलेक्ट्रॉनव्होल्टला, बोरॉनची सुमारे १८८ला. तेव्हा किरणाची ऊर्जा त्या ठिकाणी नेऊन ठेवली की त्या मूलद्रव्याचीच हाक ऐकू येते. अडचण तीव्रतेची होती, आणि ती मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरने दूर केली. इटलीत त्रिएस्त येथील ‘फर्मी’ हे यंत्र अशा मृदू क्ष-किरणांचे स्पंद, प्रत्येकी फेमटोसेकंदांच्या अवधीचे, सोडते.

तेथे ग्रॅफाइटच्या अतिपातळ पटलांतून असे स्पंद पाठवून बर्कलीचे रिचर्ड सायकली, क्रेग श्वार्ट्‌झ आणि सहकाऱ्यांनी दुप्पट ऊर्जेचा क्ष-किरण पकडला. तो वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. या प्रयोगातील खरी कसोटी खातरजमेची होती, कारण असा लेसर स्वतःही दुप्पट वारंवारतेचे थोडे किरण सोबत आणतो. त्यांना ओळखण्याची खूण अशी की, आलेला प्रकाश दुप्पट केला तर नमुन्यात जन्मलेला किरण चौपट होतो, आगंतुक मात्र केवळ त्याच प्रमाणात वाढतो. गणिताने दाखविले की हा किरण बहुतांशी सर्वांत वरच्या अणुस्तरातूनच येतो. पुढे २०२१ साली बोरॉन आणि पॅरिलीन नावाचे बहुवारिक (पॉलिमर) यांच्या सांध्यावर, म्हणजे वरून दिसू न शकणाऱ्या गाडलेल्या शिवेवर, हीच पद्धत लावण्यात आली, आणि मला तर हेच पाऊल अधिक मोलाचे वाटते. कारण उघडा पृष्ठभाग पाहण्याचे इतर मार्ग आहेत, पण दोन घन पदार्थांच्या मधली शीव न फोडता पाहण्याचे मार्ग थोडे.

क्ष-किरणांचा असा लेसर आपल्या देशात अद्याप नाही. पण होळकरांच्या इंदुरात, म्हणजे आमच्या जिल्ह्यातील चौंडीच्या कन्या अहिल्याबाईंच्या सासरी, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हे सुमारे १७२ मीटर परिघाचे, २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे सिंक्रोट्रॉन चालू आहे. त्याचे स्पंद या अरेषीय, म्हणजे प्रकाश दुप्पट केल्यास परिणाम चौपट होणाऱ्या, खेळाला पुरेसे तीव्र नाहीत. तथापि पृष्ठभागांचा रेषीय अभ्यास तेथे उत्तम होतो, आणि विद्यापीठांतील संशोधकांना प्रस्ताव सादर करून यंत्रावर वेळ मागता येतो. पाथर्डीत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि पदवीच्या पुढे जाताना तो अर्ज करण्याची तयारी आतापासून करावी.