अस्पृश्य ते दलित : नावांचा प्रवास

● १९२४ : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली. बहिष्कार समाजाने घातला, हे या नावातच स्पष्ट होते.

● १९३३ : गांधीजींचे ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू झाले. मात्र अस्पृश्यांसाठी वापरले जाणारे हे नाव लादलेले आणि दयाबुद्धीचे वाटल्याने १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याच्या निषेधार्थ सभात्याग केला.

● १९३५ : भारत सरकार कायद्यातून ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा आली, पुढे राज्यघटनेनेही ती स्वीकारली.

● १९५६ : नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लाखोंनी ‘बौद्ध’ ही ओळख अभिमानाने धारण केली.

● १९७२ : मुंबईत ‘दलित पँथर’ ही संघटना उभी राहिली. तिच्या जाहीरनाम्याने आदिवासी, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रियांनाही ‘दलित’ म्हटले.

● २०१८ : ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरावे, असे केंद्राने माध्यमांना सुचवले. अनेक कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला.

● २०२० : वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतला.

सरकारी कागदावर घटनात्मक संज्ञा योग्यच. पण माणसांविषयी लिहिताना-बोलताना त्यांनी स्वतः निवडलेले नावच वापरावे.