जुन्या मालमोटारीचा नवा फाळका

जुन्या लष्करी मालमोटारीचा फाळका नव्याने कसा घडवितात, हा विषय व्यापारी संघाच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्यापैकी ज्या बंधूंचा व्यवहार लोखंड, पत्रा व सुटे भाग यांचा आहे, त्यांच्याच दुकानाची पायरी असे काम करणाऱ्यास अखेर चढावी लागते. शिवाय या कामात माप आणि सचोटी या दोहोंची जी कसोटी लागते, ती कोणत्याही व्यापाऱ्याने जाणून घ्यावी अशीच आहे.

उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेच्या जी.एम.सी. कंपनीची सी.सी.के.डब्ल्यू. ही अडीच टनी मालमोटार घेतो. १९४१ ते १९४५ या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आसामातील लेडो येथून १२ जानेवारी १९४५ रोजी निघून ४ फेब्रुवारीस चीनमधील कुनमिंगला पोहोचलेला पहिला काफिला ज्या रस्त्याने गेला, त्या रस्त्यावरही या जातीच्या गाड्यांनी माल वाहिला. अशा गाडीचे इंजिन पुष्कळदा दुरुस्त होते. पण फाळका मात्र हाती धरताच भुगा होतो. त्याच्या खालच्या दुमडीत चिखलपाणी साचते, माल त्यावरूनच ओढला जातो आणि तो आडवा सोडला की सारा भार दोन साखळ्यांवर व बिजागऱ्यांवर येतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचे वय. आरंभी या गाडीचा हौदा पोलादी होता. पोलाद वाचविण्यासाठी १९४२ मध्ये लाकडी हौदे आले. ते पुरते उतरले नाहीत, म्हणून पोलादी बाजू व लाकडी तळ असा मिश्र हौदा निघाला आणि शेवटी पुन्हा सर्व पोलादच वापरात आले. म्हणून गाडीतील पाटीवरची तारीख पाहिल्यावाचून पत्र्यास कात्री लावू नये.

दुसरी गोष्ट मापाची. जुना फाळका कितीही सडलेला असो, नवा बसेपर्यंत तो टाकू नये. तोच खरा नकाशा होय. गंजाने पत्रा पातळ होतो, यास्तव पट्टीखाली झाकल्या गेलेल्या भागाचीच जाडी मोजावी. एक बाजू नष्ट झाली असल्यास दुसरीचा पुठ्ठ्याचा नमुना कापून तो उलटा करून वापरावा.

येथे पत्र्याच्या व्यापाऱ्याने सावध असावे. गिऱ्हाईक 'चौदा गेज' मागते. पण कोणत्या देशाचे गेज? ब्रिटिश मापाने चौदा गेज म्हणजे २.०३ मिलिमीटर, तर अमेरिकन उत्पादकांच्या मापाने १.९० मिलिमीटर. आठ फूट बाय चार फुटांच्या एका पत्र्यात या फरकाने सुमारे ३ किलो वजन कमीअधिक होते. म्हणून मागणी व बिल दोन्ही मिलिमीटरमध्येच लिहावीत.

तिसरी गोष्ट दुमडीची. पत्रा वाकविताना बाहेरचा भाग ताणला जातो व आतील आवळला जातो. २ मिलिमीटर पत्र्याचा, आतून तेवढ्याच त्रिज्येचा काटकोन करावयाचा असून दोन्ही बाजू बाहेरून ५० मिलिमीटर हव्या असतील, तर सपाट पट्टी १०० नव्हे, सुमारे साडेशहाण्णव मिलिमीटर घ्यावी लागते. हा हिशेब चुकला की चार दुमडींअंती फाळका हौद्याच्या खांबांत बसत नाही. म्हणून आधी वाया गेलेल्या तुकड्यावर एक दुमड करून पाहावी.

बिजागऱ्या कधीही मेजावर मोजून पक्क्या करू नयेत. फाळका हौद्यास लावून, सर्व कानांतून एकच सळई ओवून, दोन्ही कर्ण समान आहेत हे पाहून मगच वेल्डिंगचे ठिपके द्यावेत. सलग शिवण घातल्यास उष्णतेने पत्रा पिळवटतो. थोडे इकडे, थोडे तिकडे असे जोडीत जावे. जेथे मूळ जोड रिव्हेटचा असेल तेथे रिव्हेटच घालावा. साखळीच्या कडीमागे जाड पट्टी द्यावी, म्हणजे ओढ पसरते. दुमड बंद होण्यापूर्वी आत गंजरोधक अस्तर लावावे व पाणी निचरण्यास खालून भोके ठेवावीत.

इतके केल्यावर रंग चढला की नवा फाळका जुन्यासारखाच दिसतो, आणि खरी परीक्षा येथेच सुरू होते. लष्करी जीपचे उदाहरण बोलके आहे. विलीज व फोर्ड यांच्या प्रारंभीच्या गाड्यांच्या मागील पत्र्यावर कंपनीचे नाव उठविलेले असे. १९४२ मध्ये ते बंद झाले. आज त्या उठावाच्या पत्र्यास शौकिनांत अधिक मान आहे, म्हणूनच तसा नवा पत्रा करून तो 'अस्सल' म्हणून खपविण्याचा मोह होतो.

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार हे दोन आहेत. घेण्याचे माप एक व देण्याचे दुसरे, हा पहिला. खऱ्याच्या जागी तसाच दिसणारा खोटा माल देणे, हा दुसरा. गेजच्या गोंधळाचा लाभ घेणारा पहिल्यात सापडतो, आणि कालचा पत्रा ऐंशी वर्षांपूर्वीचा म्हणून विकणारा दुसऱ्यात.

उपाय अगदी सोपा आहे. घडविणाऱ्याने फाळक्याच्या आतील, न दिसणाऱ्या बाजूस आपली खूण व साल ठोकावे. विकणाऱ्याने बिलावर 'नवीन घडविलेला भाग' असे स्पष्ट लिहावे. एवढ्याने कारागिराच्या कौशल्यास उणेपणा येत नाही. उलट, पुढे कोणी तो फाळका उलटून पाहील, तेव्हा ती खूणच आपल्या दुकानाची साक्ष देईल.