धावण्यामागचं विज्ञान : लेखांक ७
रुळाचा ठोका, पावलाचा ठोका

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रेल्वेचे रूळ बाहेर पडू लागले त्याला आता साठाहून अधिक वर्षं झाली. त्या काळी ब्रॉडगेजचा रूळ १३ मीटरचा असायचा. दोन रुळांच्या सांध्यात बोटभर फट, तिच्यावरून चाक गेलं की 'खडाक'. या आवाजावरून गाडीचा वेग काढायची एक सोपी युक्ती होती. घड्याळाकडे बघत ४७ सेकंदांत एका चाकाखाली किती सांधे वाजतात ते मोजायचं; जितके सांधे, तितके ताशी किलोमीटर. यात जादू काही नाही, १३ मीटरला ४७ सेकंदांत बसवलेलं त्रैराशिक आहे. आता भिलाईत १३० मीटरचा अखंड रूळ निघतो, दोन जोडून २६० मीटरचा होतो, आणि लोहमार्गावर टाकल्यावर तेही एकमेकांना सांधले जातात; त्यामुळे खडाकही गेला आणि हिशेबही. पण त्या हिशेबातली अट धावणाऱ्यांच्या कामाची आहे. ठोक्यावरून वेग कळायला दोन ठोक्यांमधलं अंतर पक्कं असावं लागतं. मागच्या लेखांकात आपण नाडीच्या ठोक्यांवरून श्रम कसे जोखायचे ते पाहिलं. या वेळी कानातल्या ठोक्यांकडे वळू, म्हणजे गाण्याच्या तालावर एकसारख्या वेगानं धावायला मदत करणाऱ्या ॲप्सकडे.

ही ॲप्स ढोबळमानानं दोन जातीची. पहिली जात गाण्याचे मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजून, तुम्ही मागाल त्या गतीची गाणी एकामागून एक लावते. दुसरी जात फोनमधल्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवरून तुमची पावलं मोजते आणि गाणंच त्या गतीला ताणते किंवा आवळते. टेप जोरात फिरवली की गाणाऱ्याचा आवाज चिरका व्हायचा, तसं इथे होत नाही. संगणक सूर जागच्या जागी ठेवून फक्त लय बदलू शकतो. स्पॉटिफायनं २०१५ मध्ये अशी सोय आणली आणि २०१८ मध्ये काढूनही टाकली. बाकीची ॲप्स येत-जात असतात. त्यांच्या जाहिरातीत मात्र एक वाक्य फिरून फिरून येतं : ताल धरा, वेग आपोआप स्थिर राहील. माझं म्हणणं असं की या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसऱ्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

कारण साधं आहे. वेग म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं गुणिले एका पावलात कापलेलं अंतर. गाणं यातल्या पहिल्याच आकड्याला हात घालतं. समजा एखादी बाई मिनिटाला १६० पावलांनी, किलोमीटरला सहा मिनिटं या वेगानं धावते आहे. म्हणजे किलोमीटरला ९६० पावलं, एक पाऊल साधारण १०४ सेंटिमीटरचं. आता गाणं तेच, ताल तोच, पण सकाळच्या गारव्यात अंगात जोर आहे म्हणून पाऊल ११० सेंटिमीटर पडू लागलं. तालात तसूभर फरक नाही, तरी किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत संपतो. तासाभरानं पाय जड झाले आणि पाऊल ९८ सेंटिमीटरवर आलं, की तोच किलोमीटर ६ मिनिटं २३ सेकंद खातो. कानातलं गाणं दोन्ही वेळा म्हणत राहतं की सगळं ठीक आहे. इथे रूळच रबराचा आहे. शिवाय सर्वसाधारण धावण्यात आपण वेग वाढवतो तो मुख्यतः पाऊल लांबवून. पावलांची संख्या त्या मानानं थोडीच वाढते. म्हणजे वेगात ज्याचा वाटा मोठा तेच नेमकं तालाच्या ताब्याबाहेर राहतं.

मग संगीतानं धावणं सुधारतं असं सांगणारे प्रयोग खोटे का? खोटे नाहीत, पण त्यांनी नेमकं काय मोजलं ते बघायला हवं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या ट्रायथलॉनपटूंना ट्रेडमिलवर दमेपर्यंत धावायला लावलं. पावलांशी जुळलेलं संगीत असताना ते बिनसंगीतापेक्षा सुमारे १८ ते २० टक्के जास्त वेळ टिकले. गंमत म्हणजे आवडीच्या, स्फूर्ती देणाऱ्या गाण्यांनी जितका फायदा झाला, जवळपास तितकाच साध्या, भावनाशून्य संगीतानंही झाला. म्हणजे श्रेय शब्दांपेक्षा तालाकडे जातं. पण ट्रेडमिलवर वेग कोण सांभाळत होतं? पट्टा. धावणाऱ्याला फक्त टिकायचं होतं. या प्रयोगावरून 'जास्त वेळ टिकाल' असं म्हणता येतं, 'रस्त्यावर एकसारखे धावाल' असं नाही. रस्त्याला जास्त जवळचा प्रयोग बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातला. तिथे हौशी धावपटूंना न सांगता गाण्याची लय किंचित बदलली, आणि त्यांची पावलंही नकळत तिच्यामागे सरकली. मात्र ही ओढ दोन-तीन टक्क्यांच्या आतल्या बदलांबद्दलची. १६० च्या माणसाला गाणं १६४ कडे नेऊ शकतं; १८० वर ओढून नेईल ही आशा धरू नये.

हा १८० चा आकडा आता धावणाऱ्यांच्या गटागटांत मंत्रासारखा जपला जातो, म्हणून त्याचं मूळ सांगायला हवं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली; जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त निघाली. ती माणसं ऑलिंपिकच्या शर्यतीत, शर्यतीच्या वेगानं पळत होती. भिलाईच्या सेक्टरमधल्या रस्त्यावर किलोमीटरला सात मिनिटांनी धावणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांनी तोच आकडा धरला, तर पाऊल इतकं आखूड होईल की धावणं जागच्या जागी उड्या मारण्यासारखं दिसेल. पावलांची संख्या नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो हे मात्र प्रयोगांत दिसलं आहे, आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांना ॲपचा हा उपयोग खरोखर आहे. तालाचे आकडे बघताना आपल्याकडची दुगुणीची कल्पना कामाला येते. ८० ठोक्यांचं गाणं दुगुणीत ऐकलं की ते १६० चंच. पुष्कळदा ॲप गाण्याचा आकडा निम्मा किंवा दुप्पट दाखवतं ते याच घोटाळ्यामुळे. ठेका ऐकणारा कान त्याहून पक्का, त्यामुळे यादी एकदा स्वतः टाळी देऊन तपासलेली बरी.

सगळी लय स्थिर नसते हेही इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुर्ग-भिलाईच्या परिसरात सतनामी समाजाचं पंथी नृत्य चालतं. देवदास बंजारे यांनी ते देशाबाहेर नेलं. त्यात मांदर आणि झांज सुरुवातीला संथ असतात, मग चढत जातात आणि शेवटी पावलं डोळ्यांना मोजता येत नाहीत. पंथीचा जीवच त्या चढण्यात आहे. त्यावर कोणी दहा किलोमीटर धावायला निघाला, तर पहिल्या दोनातच दमून जाईल. ढोल-ताशाचंही तेच. ताशा एकदा चढला की पथकातल्या नवख्याला आवरत नाही. म्हणून स्थिर धावायचं तर चढणारं गाणं बाजूला ठेवावं. आणि याच कारणासाठी मला ती दुसऱ्या जातीची, पावलांमागे लय बदलणारी ॲप्स या कामाला निरुपयोगी वाटतात. तुम्ही ढिले पडलात की तीही ढिली पडतात. लगाम म्हणून घेतलेली वस्तू घोड्याच्या मनानं चालू लागली, तर लगामाचं काय उरलं?

यावर सरळ आक्षेप येतो : ताल वेग सांगतच नसेल तर मनगटावर जीपीएस घड्याळ बांधा आणि ॲप फेकून द्या. घड्याळ हवंच, पण त्याचीही एक खोड आहे. त्या क्षणाचा वेग म्हणून ते जो आकडा दाखवतं तो गर्द झाडांखाली, उंच इमारतींपाशी आणि वळणावर उड्या मारतो. तो बघून दर दहा सेकंदांनी वेग सुधारणारा माणूस अगदीच असमान धावतो. घड्याळ खरं बोलतं ते किलोमीटर संपल्यावर. मधल्या वेळात पायांना धरून ठेवायला कान बरा, कारण तो मान खाली घालायला लावत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नाही, फक्त मान्यता आहे. कारखान्याची पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर सायकली, मोटारसायकली आणि बसेसची जी रांग लागते, तिच्यात दोन्ही कान बंद करून धावणं हा शुद्ध वेडेपणा. एक कान उघडा ठेवावा, नाहीतर गाणं मैदानापुरतं राखावं. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी नियमावलीही वाचावी. ट्रॅकवरच्या अधिकृत शर्यतीत फोन किंवा संगीत घेऊन धावता येत नाही. मैदानाच्या भोंग्यावर वाजणाऱ्या गाण्याची गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये हेले गेब्रसेलासीनं बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला तो 'स्कॅटमन' हे गाणं वाजत असताना, त्याच्या तालावर.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. मे महिन्यात भिलाईचा पारा ४० च्या वर चढतो, सकाळी सातलाच ऊन टोचायला लागतं. अशा दिवशी स्थिर वेगाचा हट्टच चुकीचा नाही का? चुकीचाच आहे, उष्म्यात तोच वेग धरला की नाडी वर वर सरकत जाते, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. पण म्हणूनच तालाचा खरा उपयोग इथे दिसतो. ताल तोच ठेवा आणि पाऊल आखूड करा. सायकलवाला चढावर पायडलची लय न मोडता गिअर उतरवतो, तसं. लय मोडून लांब, धपाधप पावलं टाकणारा थकलेला माणूस वेगही गमावतो आणि गुडघाही. सुरुवातीलाही हेच उलट्या बाजूनं. पहिल्या किलोमीटरला सगळे सुसाट सुटतात तेव्हा कानातला ठोका ओळखीचा असला, की आपण त्याच्या पुढे पळतोय हे पायांना लगेच जाणवतं.

तेव्हा ॲप घेण्याआधी एक काम करावं. ४०० मीटरच्या आखलेल्या ट्रॅकवर, गाण्याशिवाय, नेहमीच्या वेगानं एक फेरी धावून पावलं मोजावीत. उजवाच पाय मोजला आणि दुप्पट केली तरी चालेल. १६० ला धावणाऱ्याच्या फेरीला ३८४ पावलं लागली, तर त्याचा वेग किलोमीटरला सहा मिनिटांचा. मग त्याच ठोक्याचं गाणं लावून धावावं, आणि दर पाच फेऱ्यांनी एका फेरीची पावलं पुन्हा मोजावीत. आकडा ४०० झाला असेल, तर गाणं काहीही सांगो, तुम्ही किलोमीटरला सव्वासहा मिनिटांवर आला आहात.