एकट्याने शिखर चढताना

पाऊस सरून आकाश निवळले की पुष्कळ मंडळी कळसूबाईची वाट धरतात. महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर. उंची १,६४६ मीटर. अकोले तालुक्यातील बारी गावातून सुमारे नऊशे मीटरचा चढ आहे. वाटेत लोखंडी शिड्या लागतात, माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आहे. एका दिवसात जाऊन येता येते, म्हणून अलीकडे कित्येकजण एकटेच निघतात. ‘डॉक्टर, एकट्याने जाऊ का?’ असे मला वरचेवर विचारले जाते. जरूर जावे, पण काही गोष्टी समजून घेऊन.

‘वर हवा विरळ, म्हणून दम लागतो,’ हा गैरसमज आहे. उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. कळसूबाईवर लागतो तो श्रमाचा दम. थांबल्यावर तो थोड्या वेळात बसायला हवा. बसला नाही, छातीत आवळल्यासारखे झाले, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, गार घाम सुटला, तर त्याला ‘गॅस’ म्हणून पुढे चढू नये. तेथेच बसावे व मदत मागवावी. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी, आधी तपासून घ्यावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर चढताना एकाएकी उतरू शकते. त्यांनी ग्लुकोज खिशातच ठेवावे, पिशवीच्या तळाशी नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. तीन लिटर तरी बरोबर असावे व घोटघोट प्यावे. घामावाटे मीठही जाते. तासन् तास नुसते पाणी ढोसले तर रक्तातील मिठाचे प्रमाण घटून डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो. म्हणून मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी व खारे शेंगदाणे जवळ ठेवावेत.

आता मुख्य मुद्दा. ऊन, तहान किंवा घटलेली साखर, यांपैकी कशानेही माणसाची विचारशक्ती मंदावते. सोबतीला कोणी असला तर तो म्हणतो, ‘अरे, असा काय बरळतोस? बस जरा सावलीत.’ एकट्याला हे कोण सांगणार? भ्रमिष्ट झालेल्याला आपण भ्रमिष्ट झालो आहोत हे कळत नाही. म्हणून निर्णय आदल्या रात्री घरी, थंड डोक्याने घ्यावेत आणि कागदावर लिहावेत: किती वाजता निघणार, कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता माथा आला नसला तरी परतणार, घरी फोन केव्हा करणार, आणि फोन आला नाही तर घरच्यांनी कोणाला कळवायचे. एक प्रत खिशात, दुसरी घरच्यांच्या हाती. ठरलेली वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरावे.

कारण उतार बाकीच असतो. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात. ते थकले की गुडघे लटपटतात आणि पाय मुरगळतो. छोटी पावले टाकावीत. शिड्यांवर दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

गळ्यात एक शिट्टी असू द्यावी. अडचणीत मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबावे व पुन्हा वाजवावी. ही संकटाची सर्वमान्य खूण आहे. फोन लागत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा.