न्यूयॉर्कला मुंबई जवळ की दिल्ली?

मुंबई ते न्यूयॉर्क 12,530 किलोमीटर. दिल्ली ते न्यूयॉर्क 11,750. पृथ्वीच्या गोलावर मोजले तर दिल्ली 780 किलोमीटरने, म्हणजे सुमारे 6 टक्क्यांनी जवळ आहे. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि भारतीय कंपन्यांपुरता हा क्रम उलटला.

मूळ आकडा अक्षांश-रेखांशांवरून निघतो. मुंबई आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांच्यात पृथ्वीच्या केंद्रापाशी 112.7 अंशांचा कोन होतो. एका अंशाला 111.2 किलोमीटर, म्हणून गुणाकार 12,530. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे; त्यामुळे पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आतला.

मुंबई 19 अंश उत्तरेला, न्यूयॉर्क 40.6 अंशांवर. तरीही दोघांमधली सर्वांत जवळची वाट 64.7 अंशांपर्यंत वर चढते: कच्छ, सिंध, कंदाहार, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, नॉर्वे, आइसलँड आणि मग लॅब्राडॉरवरून खाली. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर ती वाट 14,200 किलोमीटर भरते. नकाशावरची सरळ रेघ 13 टक्क्यांनी लांबची.

आता सिंधसकट पाकिस्तानची हद्द वगळू. मुंबईहून मस्कतमार्गे अंतर 12,915 होते. वाढ 385 किलोमीटर, 3 टक्के. दिल्लीला मात्र आधी खाली द्वारकेपर्यंत यावे लागेल, मग मस्कत, मग न्यूयॉर्क. बेरीज सुमारे 13,500. वाढ 1,750 किलोमीटर, 15 टक्के. मस्कतपुढचे आकाश मोकळे धरूनही दिल्ली मुंबईपेक्षा जवळपास 600 किलोमीटर लांब पडते. हा कागदावरचा मार्ग. प्रत्यक्षातला रोज हवामान आणि परवानग्या पाहून ठरतो. ताशी 900 किलोमीटर वेगाने मुंबईकराची सुमारे 26 मिनिटे जास्त जातात, दिल्लीकराचे जवळपास दोन तास.

वेळेचे गणित अंतराइतके सरळ नाही. मूळ 12,530 किलोमीटरला ताशी 900 ने 13 तास 55 मिनिटे लागतात. वरच्या थरातले वारे बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते सरासरी ताशी 50 किलोमीटर धरले, तर जाताना 14 तास 44 मिनिटे, येताना 13 तास 11 मिनिटे. जाताना 49 मिनिटे गमावली आणि येताना 44 च मिळाली, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण यांचा किमान अर्धा तास वेगळा.

घड्याळ यात आणखी घोळ घालते. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मुंबईहून रात्री दीडला निघालेले 15 तासांचे विमान जानेवारीत तिथे सकाळी सहाला उतरते, जुलैत सातला. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली, तर जानेवारीतला प्रवास साडेचार तासांचा दिसतो.

वाऱ्याचा हिशेब एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर उलटा मांडला. अटलांटिकवरून जाण्याऐवजी विमान पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 च्या आसपास गेले. वारा पाठीशी आल्याने वेळ मात्र जवळपास दोन तासांनी कमी झाली.