पहिले यंत्र उसाच्या ट्रॅक्टरवर हवे

गाळप हंगाम सुरू झाला की पुणे-बंगळूर महामार्गाचा कागल ते बेळगाव हा पट्टा दोन वेगांचा रस्ता होतो. एकीकडे ताशी ९० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारी, रात्रीच्या खासगी बस आणि कंटेनर. दुसरीकडे मागे दोन ट्रॉल्या जोडलेला, मोळ्यांनी खचाखच भरलेला आणि ताशी १५-२० किलोमीटरच्या पुढे न सरकणारा ट्रॅक्टर. कागलचा शाहू, निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिक्कोडीचा दूधगंगा-कृष्णा असे साखर कारखाने या पट्ट्याच्या आसपास आहेत आणि महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीच्या अल्याडचा ऊस पल्याड, पल्याडचा अल्याड जात असतो. एमएच-०९, केए-२२ आणि केए-२३ या पाट्यांची वाहने एकाच डांबरावर असतात. वाहनांनी एकमेकांना बिनतारी संदेश देऊन वाहतूक सुरळीत ठेवायची, या तंत्रज्ञानाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा नव्या, महागड्या मोटारीपासून सुरू होते. सीमाभागातल्या या रस्त्याकडे पाहिले तर नेमका उलटा क्रम योग्य वाटतो. संदेश पाठवणारे पहिले यंत्र रस्त्यावरच्या सर्वांत हळू वाहनावर, म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरवर बसले पाहिजे.

हे तंत्र मुळात साधे आहे. वाहनात उपग्रहावरून जागा ओळखणारा एक ग्राहक आणि छोटा रेडिओ असतो. मी कुठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेला चाललो आहे, ब्रेक दाबला आहे का, एवढी माहिती तो रेडिओ सेकंदाला सुमारे १० वेळा आसपासच्या सगळ्यांना ऐकवतो. मोकळ्या जागेत हा संदेश साधारण ३०० मीटरपर्यंत पोचतो. मधे मोबाइलचा टॉवर लागत नाही आणि कोणाला नंबर जोडावा लागत नाही. मोटारीतला कॅमेरा किंवा रडार फक्त समोर दिसणारे पाहते. पुढच्या ट्रकच्याही पुढे काय चालले आहे ते त्याला कळत नाही, रेडिओला कळते. या कामासाठी जगभर प्रामुख्याने ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरतात. अमेरिकेने तो १९९९ मध्येच राखून ठेवला होता. जपानमध्ये टोयोटाने २०१५ पासून वेगळ्या, ७६० मेगाहर्ट्झच्या लहरींवर अशा मोटारी विकायला सुरुवात केली.

वाहनांनी बोलल्याने वाहतूक सुरळीत कशी होते, हे कळायला आधी कोंडी कशी होते ते पाहावे लागते. जपानमधील सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी, सगळ्यांनी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारखे चालवायचे, एवढीच अट. रस्त्यात खड्डा नाही, सिग्नल नाही, वळणाचा फाटा नाही. तरीही थोड्याच वेळात काही मोटारी पूर्ण थांबल्या आणि थांबण्याची ती लाट ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकू लागली. एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने घाबरून थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. चूक मागे जाताना वाढत गेली. निपाणी सोडून संकेश्वरकडे जाताना तवंदी घाटाच्या चढाला हेच घडते, फक्त तिथे सुरुवातीचा ब्रेक किंचित नसतो. भरलेल्या ट्रॅक्टरला ओलांडायला एक ट्रक दुसऱ्या लेनमध्ये येतो, तोही चढाला दमतो आणि दोन्ही लेन एकाच मंद वेगाला बांधल्या जातात. मागे तयार झालेली लाट ट्रॅक्टर घाट चढून गेल्यावरही बराच वेळ मागे सरकत राहते. त्या लाटेत अडकलेल्या चालकाला समोर काहीच अडथळा दिसत नाही, त्यामुळे आपण का थांबलो हे त्याला कळतही नाही.

ही लाट मोडता येते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात अशाच गोल रस्त्यावर सुमारे २० मोटारींपैकी फक्त एक मोटार संगणकाने सावकाश, एकसारख्या वेगाने चालवली. थांबा-निघाच्या लाटा विरल्या आणि इंधनाचा वापर ४० टक्क्यांपर्यंत कमी झाला. ही निरीक्षणे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पाथ या संशोधन केंद्राने चार मोटारींवर केलेल्या चाचण्यांतून दुसरी बाजू दिसली. नुसत्या रडारवर पुढच्याशी अंतर राखणाऱ्या मोटारी वेगातला चढउतार मागे वाढवत नेतात; त्याच मोटारींना एकमेकींचे संदेश मिळू लागले की तो चढउतार मावळतो. कारण संदेश सगळ्या रांगेला एकाच क्षणी मिळतो, एकाकडून दुसऱ्याकडे सरकत येत नाही.

कोंडीपेक्षाही हा प्रश्न रात्री जास्त गंभीर होतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. एक्सल तुटलेली ट्रॉली अंधारात लेनमध्ये उभी आहे असे धरू. डिपरवर असलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण ५० मीटर पोचतो. चालकाला अडथळा ओळखून ब्रेकवर पाय द्यायला दीड सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी ३७ मीटर पुढे जाते, आणि त्यानंतर पूर्ण थांबायला चांगल्या ब्रेकनेही ६० मीटर लागतात. बेरीज १०० मीटरच्या घरात जाते आणि उजेड ५० मीटरचा आहे. या गणितात चालक दारू प्यायलेला नाही, झोपेत नाही, मोबाइलवर नाही, तरी तो थांबू शकत नाही. ३०० मीटरवरून संदेश मिळाला तर त्याच चालकाला १२ सेकंद मिळतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, आणि एकूण अपघातांतले सुमारे एक पंचमांश मागून धडकण्याचे होते. सीमाभागात बिघडलेल्या ट्रॉलीमागे दगड आणि झाडाची फांदी ठेवण्याची रीत आहे. मागून येणाऱ्याला आधी कळवले पाहिजे हे ट्रॅक्टरवाल्याला पूर्वीपासून माहीत आहे. त्याच्या हातात कळवण्याचे चांगले साधन नाही, एवढेच.

मग सुरुवात नव्या मोटारींपासून का करू नये? कारण दोन्ही वाहनांत यंत्र असल्याशिवाय संवाद होत नाही. शंभरातल्या दहा गाड्यांत यंत्र बसले तर भेटणाऱ्या दोन गाड्या दोन्ही बोलणाऱ्या असण्याची शक्यता शंभरात एक. पहिल्या खरेदीदाराला पैसे मोजून जवळजवळ काहीच मिळत नाही. अमेरिकेत नेमके हेच घडले. प्रत्येक नव्या मोटारीत हे यंत्र सक्तीचे करण्याचा प्रस्ताव २०१७ च्या सुरुवातीला आला, रखडला आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला. मधल्या काळात, २०२० मध्ये, राखीव पट्ट्याचा मोठा भाग वायफायला देण्याचा निर्णय झाला. त्याऐवजी एका पट्ट्यातल्या सगळ्या ऊस-ट्रॅक्टरांवर यंत्र बसले, तर उरलेल्या वाहनांपैकी दहा टक्क्यांकडे नुसता ऐकणारा ग्राहक असला तरी धोक्याच्या दर दहा भेटींतली एक सावध होते. हिशेब शंभरात एकवरून दहावर येतो. ऐकणारे पहिले कोण, याचेही उत्तर सोपे आहे. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या मार्गावर महाराष्ट्राची एसटी आणि वायव्य कर्नाटक महामंडळाच्या बस दिवसरात्र धावतात. त्या ताफ्यांची संख्या मोजकी आहे, मालक दोनच आहेत. बस आधीच हळू झाली की तिच्या मागची वाहनेही हळू होतात, आणि टुसॉनमधल्या त्या एका मोटारीचे काम बस करते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आधी रिफ्लेक्टर आणि मागचे लाल दिवे तरी लावा. ते लावलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण बाहेर आलेल्या उसाखाली मागचे दिवे झाकले जातात, आणि रिफ्लेक्टर उजेड पोचल्यावरच चमकतो. पहाटेच्या धुक्यात आणि वळणावर तो उशिराच दिसतो. दुसरा आक्षेप, मोबाइलवरचा नकाशा कोंडी दाखवतोच की. नकाशा अनेक फोन मंदावलेले पाहून कोंडीचा अंदाज करतो. रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावर एकटी उभी असलेली ट्रॉली त्याच्या हिशेबात कोंडी ठरत नाही, आणि धोका तर तिचाच आहे. आपल्याकडे लेनची शिस्त नाही, दुचाकी आणि गुरे मधे येतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. उपग्रहावरून काढलेली जागा काही मीटर चुकते, त्यामुळे वाहन कोणत्या लेनमध्ये आहे हे खात्रीने सांगता येणार नाही. मात्र ‘पुढे तीनशे मीटरवर उभे वाहन’ एवढे सांगायला तशी अचूकता लागत नाही. या यंत्राकडून आज एवढेच मागावे. दुचाकीस्वारांना त्याचा थेट लाभ लगेच होणार नाही, हे मान्य करावे लागते. २०२२ च्या रस्ते-मृत्यूंत दुचाकीवरच्यांचा वाटा ४४ टक्क्यांच्या वर होता, तेव्हा ही उणीव लहान नाही.

घाटात आणखी एक अडचण आहे. या लहरींची लांबी जेमतेम ५ सेंटीमीटर असते आणि त्या डोंगराला वळसा घालत नाहीत. तवंदीच्या वळणावर खांबावर एक यंत्र बसवून तिथून संदेश पुढे द्यावा लागेल. इशारेही जपून द्यावे लागतील. हंगामात रांगेने ट्रॅक्टर असतात. प्रत्येकाला यंत्र वाजू लागले तर चालक ते बंदच करेल. दोन वाहनांतले अंतर धोक्याच्या वेगाने कमी होत असेल तेव्हाच ते वाजावे. पाळतीची भीतीही खरी आहे, आणि त्यावर उपाय ठरलेला आहे. संदेशात मालकाचे नाव किंवा गाडीचा क्रमांक नसतो. संदेश खरा असल्याची खात्री देणारी सांकेतिक ओळख ठरावीक काळाने बदलत राहते. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला पाहिजे. नाहीतर ज्याच्यासाठी यंत्र आहे तो वाहतूकदारच ते काढून ठेवेल.

खर्चाचा भार वाहतूकदारावर टाकू नये. ऊसतोड टोळीला दिलेली उचल, ट्रॅक्टरचा हप्ता आणि डिझेल यांतच त्याचा हंगाम निघतो. कारखाना मात्र प्रत्येक वाहनाशी करार करतो, काट्यावर त्याची नोंद ठेवतो. यंत्र कारखान्याच्या मालकीचे असावे, करार करताना ट्रॉलीच्या मागे बसवावे आणि हंगाम संपल्यावर परत घ्यावे. दोन राज्यांत दोन पद्धतीची यंत्रे मात्र नकोत, कारण कागलमध्ये बसवलेल्या यंत्राचा संदेश संकेश्वरला समजला नाही तर तो निरुपयोगी आहे. हे जमण्यासारखे आहे, याचा दाखला याच रस्त्यावर आहे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झालेला फास्टॅग कोगनोळीच्या नाक्यावर चालतो तसाच हत्तरगी आणि हिरेबागेवाडीलाही चालतो, कारण त्याचे मानक देशभर एकच आहे. फास्टॅगला स्वतःची वीज नसते, नाक्यावरच्या यंत्राने साद घातल्यावरच तो काही मीटरवरून उत्तर देतो. म्हणून तो इशाऱ्याच्या कामाचा नाही. दोन राज्यांचा प्रश्न एका मानकाने सुटतो, एवढे तो दाखवून देतो.

म्हणून मोठ्या घोषणेची वाट पाहण्याचे कारण नाही. निपाणी ते संकेश्वर एवढाच पट्टा, एका कारखान्याची सगळी ऊस वाहने, दोन्ही महामंडळांच्या या मार्गावरच्या बस आणि तवंदी घाटात एक खांब, एवढ्यावर एक हंगाम प्रयोग करता येतो. बसचालकांनी ट्रॅक्टरच्या किती मीटर आधी वेग कमी केला, यंत्राविना आणि यंत्रासह, हे मोजून आकडे दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांनी जाहीर करावेत. कारखान्यांच्या संचालक मंडळांनी पुढच्या हंगामाचे तोडणी-वाहतुकीचे करार करण्यापूर्वी हा विषय आपल्या बैठकीत घ्यावा, आणि ऊस उत्पादक सभासदांनी तो वार्षिक सभेत विचारावा.