मागील सभेचे इतिवृत्त

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा बसली की पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मुख्याध्यापक वाचतात, सदस्य माना डोलावतात, कुणी सूचक होतो, कुणी अनुमोदक, आणि विषय सर्वानुमते मंजूर. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय, मग चहा, आभार. ऐकायला कंटाळवाणा प्रकार. पण गावापुरता शाळेचा कारभार कायद्याने जिथे चालायचा ते सभागृह हेच. बहुधा शाळा सुटल्यावर एखाद्या वर्गात सतरंजी अंथरून भरणारं.

शाळेच्या कारभारात गावाने लक्ष घालावं ही कल्पना जुनीच. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवल्या. १९४७च्या कायद्याने जिल्हा आणि नगरपालिका शाळा मंडळं आली. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण शाळांचा कारभार त्यांच्या शिक्षण समितीकडे गेला. पुढे गावोगाव ग्रामशिक्षण समित्या झाल्या, त्यांचे अध्यक्ष सरपंच. या सगळ्या व्यवस्थांत पुढाऱ्यांना जागा होती. ज्याचं पोर त्या शाळेत बसतं, त्या बापाला किंवा आईला केवळ पालक म्हणून मतदानाचा हक्क क्वचितच होता.

तो मिळाला २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने. १ एप्रिल २०१० रोजी कायदा लागू झाला, त्याच्या कलम २१ने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला समिती बंधनकारक केली. राज्याने त्याच वर्षी जूनमध्ये शासन निर्णय काढून तिची रचना ठरवली. सदस्य १२ ते १६. त्यांतले तीन चतुर्थांश पालक, आणि ते पालकसभेतून निवडलेले. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी, एक शिक्षक आणि गावातला एखादा शिक्षणतज्ज्ञ. निम्म्या महिला. दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांमधूनच, मुदत दोन वर्षं, सभा दर महिन्याला.

कागदावर हे इतकं नेटकं आहे की गंमत वाटावी. वीस पटाच्या वस्तीशाळेत बारा सदस्य काढायचे म्हणजे जवळजवळ प्रत्येक घर समितीत येतं. मोठ्या गावात उलट. तिथे अध्यक्षपदासाठी दोन-दोन पॅनल उभी राहतात, पालकसभेला एरवी न फिरकणारी मंडळी त्या दिवशी वेळेआधी हजर असतात, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची रंगीत तालीम शाळेच्या पटांगणात होते. याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. माझं मत वेगळं. भांडण होतं म्हणजे तिथे भांडण्यासारखं काही आहे, एवढं तरी लोकांनी मान्य केलेलं असतं. बिनविरोध निवडल्या गेलेल्या आणि पुढची दोन वर्षं फक्त सह्या करणाऱ्या समितीची मला जास्त धास्ती वाटते.

सह्यांवरून आठवलं. या समितीचा सदस्य सचिव असतो मुख्याध्यापक. म्हणजे ज्याच्या कामावर समितीने देखरेख ठेवायची, तोच सभेची नोटीस काढतो, विषयपत्रिका ठरवतो आणि इतिवृत्त लिहितो. वाईट हेतू नसला तरी लेखणी ज्याच्या हातात, त्याची बाजू कागदावर नीट उतरते. त्यातून दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाला वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि वर इतर समित्या सांभाळायच्या असतात. मग सभा होतेच असं नाही; वही होते. एखादा सातवीतला मुलगा रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, आई शेतात गेलेली असली तर वडील तिच्या नावापुढे सही ठोकतात, आणि निम्म्या महिलांची अट कागदावर पूर्ण होते.

मग समिती करते काय? कायद्याने तिच्यावर मुख्य कामं टाकली आहेत ती अशी: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं. आराखडा तीन वर्षांचा, त्याचे वर्षावर्षाचे तीन भाग. अनुदान पटावर ठरतं. समग्र शिक्षा योजनेत १०० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला फार तर २५ हजार रुपये संयुक्त अनुदान, आणि ३० पर्यंत पट असेल तर १० हजार. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं. पूर्वी हे पैसे अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त खात्यावर जमा होत. २०२१पासून पद्धत बदलली. आता पैसा राज्याच्या एकाच खात्यात राहतो, शाळेला खर्चाची मर्यादा दिसते, आणि संगणकातून काढलेल्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन बँकेत धाव घ्यावी लागते. मार्च अखेरीस मर्यादा उशिरा पडली की त्या दोघांची जी धावपळ होते ती पाहण्यासारखी असते. कायद्याची हौस असणाऱ्यांनी एकदा ३० मार्चला तालुक्याच्या बँकेत जाऊन बसावं.

समितीच्या हातात खरोखर काही असलं की ती जागी होते, याचा चांगला दाखला गणवेशाचा आहे. दोन गणवेशांसाठी एका विद्यार्थ्यामागे ६०० रुपये, हा समग्र शिक्षेचा दर. वर्षानुवर्षं समित्या गावातल्या किंवा तालुक्यातल्या दुकानातून कापड घेत, शिंप्याकडे मापं देत. यात गैरप्रकार झाले नसतील असं कोण म्हणेल? पण पँट आखूड झाली तर आई थेट अध्यक्षाच्या दारात जात असे. २०२४-२५मध्ये राज्याने ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी वरूनच केली. एक गणवेश महिला बचत गटांकडून शिवून यायचा. दुसरा, स्काऊट-गाईडचा, त्याचं नुसतं कापड यायचं आणि शिलाई समितीने करून घ्यायची. शिलाईला दर मिळाला १०० रुपयांच्या आसपास, तेवढ्यात शिंपी मिळेनात. स्वातंत्र्यदिन आला तरी अनेक शाळांत मुलं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी राहिली, आणि जे गणवेश पोहोचले त्यांतले कितीतरी मापाला बसेनात. तक्रार कुणाकडे करायची हेही पालकांना कळेना. अध्यक्ष म्हणायचे, वरून आलंय. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६पासून गणवेशाचं काम पुन्हा समित्यांकडे दिलं.

दुसरा दाखला बीडकडचा. दिवाळीनंतर तिथल्या कितीतरी गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं आईबापांबरोबर गेली की शाळा बुडते. म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर. मूल आजीआजोबांकडे राहतं, जेवणाची सोय योजनेतून होते. पण ज्या महिन्यांत समितीला सगळ्यात जास्त काम, त्याच महिन्यांत तिचे निम्मे सदस्य कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. गणपूर्ती कुठून व्हायची? दर महिन्याला सभा हा नियम लिहिणाऱ्याने हा हंगाम विचारात घेतलेला दिसत नाही.

राहिला लोकांशी बोलण्याचा प्रश्न. पालकसभेची नोटीस मुलांच्या वहीत लिहून जाते, हल्ली तीच व्हॉट्सअॅपच्या गटावर पडते. गटावर सुविचार आणि वाढदिवसांची गर्दी असते, त्यात ‘उद्या सकाळी ११ वा. सभा’ हे वाक्य हरवतं. शाळेच्या भिंतीवर सदस्यांची नावं रंगवलेली असतात, पुष्कळदा मागच्या समितीची. पोषण आहाराची चव घेऊन वहीत अभिप्राय लिहायची सोय आहे. तिथे ‘चव चांगली’ हे दोन शब्द वर्षभर एकाच अक्षरात सापडतात. ज्या शाळांत सभेचा दिवस बाजाराचा वार टाळून ठरतो, सभा संध्याकाळी घेतली जाते आणि झालेले ठराव फळ्यावर लिहून ठेवले जातात, तिथे पालक येतात. यासाठी जादा अनुदान लागत नाही.

शिक्षणहक्काच्या आदर्श नियमांत एक तरतूद आहे: समितीचं इतिवृत्त नीट लिहून ठेवायचं आणि लोकांना पाहायला उपलब्ध करून द्यायचं. ही वही बहुतेक शाळांत कपाटात असते, कारण ती कुणी मागत नाही. तुमच्या गावची किंवा वॉर्डातली शाळा सरकारी असेल तर एकदा जा, मुख्याध्यापकांना नमस्कार करा आणि गेल्या वर्षभराचं इतिवृत्त वाचायला मागा. तुमचं मूल त्या शाळेत नसलं तरी चालेल.